रोजच्या ऐंशी किलोमीटरची गाडी

सकाळचे आठ वाजतायत. मे सरत आलाय, तरी द्वारकेच्या पुढच्या या यार्डात पत्र्याखाली रात्रीचा गारवा अजून टिकून आहे. यार्डवाल्याने अकराची वेळ दिली होती. भाऊंनी ती आठवर आणली. काल फोनवर ते म्हणाले, "अकराला गेलो तर गाडी तापवून ठेवलेली असते, ताई. इंजिन गार असतानाच ऐकायचं. तापलं की दुखणं लपतं."

भाऊ म्हणजे सातपूरचे आमचे मिस्त्री. माझ्या स्कूटरला पंधरा वर्षं त्यांचाच हात लागलाय. आज त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत टॉर्च, एक लोहचुंबक, दोन-चार पाने आणि सुती चिंधी आहे. माझ्या पिशवीत वर्गात वापरतो तसली चौकटीची वही.

वहीच्या पहिल्या पानावर मी गाडीऐवजी माझा रस्ता लिहिलाय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नाशिकहून त्र्यंबक अठ्ठावीस किलोमीटर. तिथून जव्हारच्या रस्त्याला लागायचं आणि आत वळून पाड्यापर्यंत आणखी बारा. जायचे चाळीस, यायचे चाळीस. त्यातले शेवटचे तीन किलोमीटर खडीचे, मधे ओढ्यावर एक फरशी पूल. जून ते सप्टेंबर त्र्यंबकच्या पट्ट्यात पाऊस असा कोसळतो की सकाळी साडेनऊला दिवे लावून चालावं लागतं. गेल्या जुलैत माझी स्कूटर त्या खडीवर घसरली, गुडघ्याला टाके पडले. तेव्हापासून काळीपिवळीने त्र्यंबकपर्यंत आणि पुढे ज्याची मोटारसायकल मिळेल त्याच्या मागे बसून जाते. आमची शाळा दोनशिक्षकी आहे. आम्ही दोघी पोचलो नाही तर कुलूप उघडत नाही, पोरं पडवीत भिजत उभी राहतात. मला गाडी हवी आहे ती यासाठी.

दुसऱ्या पानावर हिशेब आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरावी लागते. २०० गुणिले ८० म्हणजे १६,००० किलोमीटर. प्रशिक्षणं, केंद्राच्या सभा, तालुक्याच्या खेपा धरून १८,०००. या रस्त्यावर पेट्रोल गाडी लिटरला पंधरा देईल, डिझेल वीस. म्हणजे वर्षाला १,२०० लिटर पेट्रोल किंवा ९०० लिटर डिझेल. पेट्रोल शंभराच्या पुढे आणि डिझेल नव्वदीच्या घरात धरलं तर वर्षाचा फरक चाळीस हजारांवर जातो. डिझेलची सर्व्हिसिंग महाग, इंजेक्टर बिघडला तर मोठा खर्च, हे सगळं धरूनही माझ्यासाठी डिझेलच परवडतं. शहरातल्या शहरात रोज आठ-दहा किलोमीटर जाणाऱ्याने मात्र डिझेलच्या वाटेला जाऊ नये. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. लांब धाव मिळाली की तिथली काजळी जळून जाते. धाव मिळाली नाही तर ती साचत जाते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.

तिसऱ्या पानावर तीन नावं आहेत : ब्रेझा, नेक्सॉन, एक्सयूव्ही ३००. तिन्ही क्रॉसओव्हर, म्हणजे बांधणी साध्या मोटारीची आणि बसणं उंचावर. आपल्याकडे सगळे त्यांना कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात. तिन्हींची लांबी चार मीटरच्या आत, कारण चार मीटरपर्यंत लांब आणि डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत असलं की आपल्या देशात कर कमी लागतो. या नियमानेच ही अख्खी जात जन्माला घातली. नावांसमोर मी जमिनीपासूनची उंची लिहिली आहे. नेक्सॉन २०९ मिलिमीटर, ब्रेझा १९८, एक्सयूव्ही ३०० ची १८०. धडकेच्या चाचणीत ग्लोबल एनकॅपने नेक्सॉनला २०१८ च्या डिसेंबरमध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे दिले. भारतात बनलेल्या गाडीला मिळालेले ते पहिले पाच तारे. ब्रेझाला चार, एक्सयूव्ही ३०० ला पाच. माझा जीव खरं तर एक्सयूव्ही ३०० वर आहे. ती आमच्या नाशिकच्याच कारखान्यात बनली, चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. पण १८० मिलिमीटर आणि लहान डिकी या दोन गोष्टींपुढे मी प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

यार्डाचा माणूस डोळे चोळत येतो. "मॅडम, तुम्ही डिझेल म्हणालात, पण आधी ही बघा," म्हणत तो एका पांढऱ्या गाडीवरचं आच्छादन ओढतो. टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक, छताला उघडणारी काच. "२०२१ ची, फर्स्ट ओनर, फक्त चोवीस हजार फिरली." गाडी आरशासारखी चमकतेय. सीटवर नवं कव्हर आहे, आत अत्तराचा वास आहे. क्षणभर मला ती आवडते.

भाऊ दारही उघडत नाहीत. ते पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसतात आणि टायरच्या कडेवर टॉर्च मारतात. "ताई, हे वाचा."

मी वाकते. काळ्या रबरावर उठावाच्या अक्षरांची एक ओळ आहे. तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे : २२२४.

"पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष," भाऊ सांगतात. "२०२४ चा बाविसावा आठवडा. चारही टायर तसलेच. चोवीस हजारात कोण चार टायर बदलतं?"

मग ते दार उघडतात आणि ब्रेकच्या पेडलवरून अंगठा फिरवतात. मलाही फिरवायला लावतात. रबराच्या रेघा मधोमध पार झिजल्यात, उजवी कड तर पाटीसारखी गुळगुळीत झाली आहे. स्टिअरिंगवर, जिथे डावा तळवा टेकतो तिथे, कातड्याचं दाणेदारपण गेलंय. सीटचं कव्हर उचललं तर खालच्या फोमची दाराकडची बाजू दबून बसली आहे. मीटरवर चोवीस हजार आहेत आणि पेडलवर निदान लाखभर.

"सर्व्हिस बुक?" मी विचारते.

"आधीच्या मालकाकडून हरवलं, मॅडम."

मी वहीत फुली मारते. मीटर मागे फिरवणं ही सगळ्यात जुनी लबाडी आहे. गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जात असेल तर तिथल्या संगणकात प्रत्येक खेपेचा किलोमीटरचा आकडा असतो. मालकाला सांगून तो इतिहास मागवता येतो. जो मागवू देत नाही त्याच्याशी पुढे बोलू नये.

"डिझेल दाखवा," भाऊ म्हणतात.

डिझेल मागच्या रांगेत आहे. माझ्या यादीतल्या तिघींपैकीच एक, लाल, २०१८ ची. किंमत पावणेपाच लाख. बाजारात अशी गाडी सहाच्या आसपास जाते. माझ्या पतसंस्थेच्या कर्जाची मर्यादा सहा लाख आहे आणि वरचे सव्वा लाख वाचतील, असा विचार मनात येऊन गेलासुद्धा. नंबरप्लेट एमएच-१० ची, म्हणजे सांगलीची.

भाऊ बोनेटवर तळवा ठेवतात. गार आहे. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं. धूर नाही, आवाज ठीक. ऑइलची काडी स्वच्छ. मी भाऊंच्या चेहऱ्याकडे बघते. ते काही बोलत नाहीत. मागच्या सीटवर जाऊन बसतात, पट्टा धरतात आणि ओढत राहतात. आपण पट्टा लावताना तो जेमतेम अर्धा बाहेर येतो. भाऊ तो शेवटापर्यंत ओढतात, आतली गुंडाळी संपून खट्‌कन अडेपर्यंत.

शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी डाग आहे. त्याची कड फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ. भाऊ तिथे नख घासतात, नखाखाली बारीक माती येते.

आम्ही नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं, अशी भाषा इथलं पोरगंही बोलतं. या गाडीत तेच मोजमाप पट्ट्यावर उमटलंय. पाणी सीटच्या वर चढलं होतं.

मग एकेक गोष्ट दिसायला लागते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांना गंज. डिकीतला स्टेपनीचा खळगा धुतलेला, पण कोपऱ्यातल्या जोडात वाळलेला गाळ. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं होतं. ही गाडी त्या पाण्यात होती की दुसऱ्या कुठल्या, ते इथे कोणी सांगणार नाही. विचारल्यावर यार्डाचा माणूस "मला दिली तशी मी लावली" एवढंच म्हणतो. बुडालेली गाडी धुऊन, वाळवून सुरू करता येते. पण डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांमध्ये शिरलेला ओलावा आतल्या आत खात राहतो. एअरबॅग उघडण्याचा हुकूम त्याच वायरींतून जातो. वर्षभराने, त्र्यंबकच्या पुढे, नेटवर्क नसलेल्या वळणावर ती बंद पडेल, किंवा नको त्या क्षणी एअरबॅग उघडणार नाही. सव्वा लाख वाचवून मी हे विकत घेणार होते.

साडेनऊ झालेत. बाहेर पडताना भाऊ म्हणतात, "निराश नका होऊ. आज दोन गाड्या घेतल्या नाहीत, हेही कामच झालं."

गंगापूर रोडवरच्या एका जुन्या सोसायटीत आमच्या दोन सहकारी उभ्या आहेत. एक माझ्याच शाळेतली, दुसरी शेजारच्या पाड्यावरची. दोघी रोज माझ्याबरोबर येणार, डिझेलमध्ये वाटा देणार. त्यांना मुद्दाम बोलावलंय. कागदावरची उंची रिकाम्या गाडीची असते. चौघं बसली की गाडी खाली बसते, आणि माझ्या खडीच्या रस्त्याला तीच उंची कळते.

इथली गाडी थेट मालकाकडची आहे. राखाडी ब्रेझा, डिझेल, २०१८ ची, एमएच-१५. काका बँकेतून निवृत्त झालेत. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर रात्री चालवत नाहीत, म्हणून विकतायत. माझ्या हातात ते एक फाइल देतात. पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं तारखेवार लावलेली, शेवटचं बिल गेल्या दिवाळीतलं, ५७,२०० किलोमीटरला. मीटर ५८,४०० दाखवतंय.

"डावा मागचा दरवाजा एकदा रंगवलाय," काका आपणहून सांगतात. "खांबाला घासला होता. बिल आहे आत."

भाऊ चिंधीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्या दारावर फिरवतात. सगळीकडे सारखं धरतं. पुट्टीचा जाड थर असता तर मधेच सुटलं असतं. बोनेट उघडून ते आधी बिजागरीचे बोल्ट बघतात. त्यांच्यावरचा रंग अखंड आहे, म्हणजे पान्याने कोणी ते कधी सोडवलेले नाहीत. पुढच्या काचेवर आणि चारही दारांच्या काचांवर एकाच कंपनीची खूण आहे.

"सकाळपासून सुरू केलीय का?"

"तुम्ही नको म्हणालात ना. कालपासून हात लावला नाही."

भाऊ मला चालकाच्या जागी बसायला सांगतात. मी किल्ली अर्धी फिरवते. डॅशवर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो. "थांबा. तो विझू द्या." डिझेलला पेटायला आधी ऊब लागते. दिवा विझतो, मी किल्ली पूर्ण फिरवते. इंजिन एका दमात सुरू होतं, दोन-तीन सेकंद खडखडतं आणि मग लयीत येतं. भाऊ मागे जाऊन धुराड्यापाशी तळहात धरतात. निळा धूर ऑइल जळत असल्याचा, थांबायचं नाव न घेणारा पांढरा कूलंट आत जात असल्याचा, दाट काळा इंधन अर्धवट जळत असल्याचा. तळहातावर थोडी ऊब आणि डिझेलचा वास, बाकी काही नाही. ते ऑइलचं झाकण सैल करून बघतात. वाफेचा फवारा येत नाही. सगळ्यात शेवटी पट्टा. शेवटापर्यंत ओढला तरी कोरा.

हे १,२४८ सीसीचं इंजिन मुळात फियाटचं. स्विफ्ट, डिझायरमध्येही ते होतं. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंद केलं, पण एवढ्या गाड्यांत ते बसलंय की भाऊ म्हणतात, "हे उघडता येत नाही असा मिस्त्री तुम्हाला जव्हारपर्यंत भेटणार नाही." माझ्या रस्त्यासाठी हे वाक्य ताऱ्यांइतकंच मोलाचं आहे. चार तारे पाचपेक्षा कमीच, ते मी विसरत नाही. पण दोन एअरबॅग आणि एबीएस असलेली, न ठोकलेली, न बुडालेली चार ताऱ्यांची गाडी मला पाच ताऱ्यांच्या बुडालेल्या गाडीहून कितीतरी सुरक्षित वाटते. तारे मिळतात ते कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या गाडीला. पुढे तिचं काय झालं, ते आपणच शोधायचं.

"काका, अंजनेरीपर्यंत नेऊ का?" मी विचारते. सोसायटीभोवती एक फेरी मारून टोकन देणारे मी पुष्कळ पाहिलेत. काका स्वतःच पुढे येऊन बसतात. भाऊ मागे दोघींच्या मधे, आवाज ऐकायला.

सातपूर ओलांडून आम्ही त्र्यंबक रस्त्याला लागतो. सिंहस्थ जवळ आलाय, रस्त्याची कामं निघाली आहेत. कुठे वळण, कुठे उकरलेली साइडपट्टी. पिंपळगाव बहुल्याच्या गर्दीत मी मुद्दाम पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत चालते. क्लच हलका आहे, फार वर येऊन धरत नाही. तिसऱ्यात टाकून एकदम दाबल्यावर इंजिन नुसतं ओरडतं का, ते बघायला भाऊ सांगतात. गाडी सरळ ओढ घेते. क्लचप्लेट शाबूत आहे.

एक गोष्ट मला खटकते. इंजिनाचे फेरे दोन हजारांच्या खाली गेले की गाडी मरगळते, आणि वर गेले की एकदम उसळते. टर्बो जागा व्हायला वेळ घेतो. "हा तिचा स्वभाव," भाऊ मागून म्हणतात. "चढावर गिअर वेळेवर उतरवायचा, तिला गुदमरू द्यायचं नाही." महिरावणीच्या पुढच्या चढाला मी वेळेवर दुसरा टाकते. चौघांच्या जागी पाच माणसं बसलेली असून ती कुरकुर न करता चढते.

एसी पूर्ण लावलाय. बाहेर चाळिशीला टेकलेलं ऊन, आणि मागे बसलेल्या बाई दहा मिनिटांत पदर खांद्यावरून ओढून घेतात. मोकळ्या पट्ट्यात मी स्टिअरिंगवरची पकड क्षणभर सैल करते. गाडी किंचित डावीकडे जाते. भाऊंनी ते बघितलंय.

अंजनेरी गावातून डोंगराकडे वळल्यावर रस्ता उखडलेला लागतो. मला हवा होता तो हाच. समोर अंजनेरीचा डोंगर, पलीकडे ब्रह्मगिरी धुरकट. मी काच खाली करते, एसी बंद करते आणि वीसच्या वेगाने खड्ड्यांतून जाते. पोटाला एकदाही दगड लागत नाही. पण डावीकडून पुढे, प्रत्येक खड्ड्याला, टक्‌ असा कोरडा आवाज येतो.

"खालच्या आर्मचं बुश," भाऊ म्हणतात. "आणि अलाइनमेंट. दोन्ही होईल." उतरून ते टायर वाचतात : ३५२०. २०२० चा ऑगस्ट. खाचा अजून खोल आहेत, पण दोन खाचांमध्ये अंगठा दाबला की रबराला केसाएवढ्या चिरा दिसतात. गाडी फार फिरली नाही, टायर उभ्या उभ्या म्हातारे झाले. ओल्या रस्त्यावर असलं कडक झालेलं रबर धरत नाही. पावसाआधी चारही बदलायचे.

मी उतरून चाकांजवळच्या जागेत हात घालते. पुढच्या पावसाळ्यात इथून पाणी उडेल, खडी उडेल. ओढ्याच्या फरशीवरून पाणी जात असेल त्या दिवशी मात्र मी अलीकडेच थांबणार आहे. गाडीची उंची खड्ड्यांसाठी असते, वाहत्या पाण्यासाठी नसते. आमच्या भागात दर पावसाळ्यात कोणी ना कोणी हे विसरतं.

परतल्यावर काकू पन्हं आणतात आणि टेबलावर दुसरी किल्ली ठेवतात. आम्ही कागदांना बसतो. मोबाइलवर एमपरिवहन उघडून मी गाडीचा नंबर टाकते. पहिलाच मालक, नोंदणी २०३३ पर्यंत, विमा चालू, एकही चलान बाकी नाही. एक नोंद मात्र आहे. कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव.

"कर्ज २०२३ मध्येच फेडलं," काका म्हणतात. फाइलमधून ते बँकेचं पत्रही काढतात. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडूनही आरटीओत जाऊन बोजा उतरवायचा राहून गेलाय. ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेचं नवं ना-हरकत पत्र लागेल, कारण जुन्याची मुदत टळली आहे. ती नोंद निघेपर्यंत गाडी माझ्या नावावर होणार नाही.

काकांनी सव्वासहा सांगितलेत. मी वही त्यांच्यापुढे सरकवते. चार टायर, बुश, अलाइनमेंट, असे भाऊंनी मांडलेले आकडे. त्याखाली आणखी एक ओळ आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्याआधी अशा डिझेलवर उपकरासह ३१ टक्के होता. नवी स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरतो. काका चष्मा लावून सावकाश वाचतात. त्यांनी एकही गोष्ट लपवलेली नाही आणि मीही नाही, त्यामुळे घासाघीस अशी होतच नाही. पाच लाख ऐंशी हजारांवर ते मान डोलावतात.

मी अकरा हजार बँकेतून टोकन म्हणून पाठवते आणि अटी दोघांच्या सह्यांनी कागदावर लिहून घेते. बोजा उतरला की २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या, त्याच दिवशी उरलेले पैसे, त्याच दिवशी किल्ल्या. काकांना हे माझ्याइतकंच गरजेचं आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, गाडी कोणालाही विकलेली असो. विमा चौदा दिवसांत माझ्या नावावर करून घ्यायचा. दावा न केल्याची सवलत काकांची, ती गाडीबरोबर येत नाही. तेवढा हप्ता मला जास्त पडेल, तोही वहीत धरलाय.

निघताना काका बोनेटवर एकदा हात फिरवतात. "खडीवर न्याल, पण धुवत जा," म्हणतात. मी होय म्हणते.

दुपारचा दीड वाजलाय. भाऊ स्कूटरवर माझ्या मागे बसतात आणि टायरवाल्याला फोन लावतात. शाळा उघडायला पंधरा दिवस आहेत.

जुनी गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे. आधी आपला रोजचा रस्ता कागदावर लिहा : किती किलोमीटर, किती दिवस, किती माणसं, कसली वाट. मग मिस्त्री सोबत घ्या, गार इंजिन ऐका, टायरवरचे चार आकडे वाचा आणि पट्टा शेवटापर्यंत ओढून बघा. आपल्या रस्त्यावर चालवल्याशिवाय टोकन देऊ नका, आणि नाव बदलल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं समजू नका.